टाकलेले ओझे कोठे पडते?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाचा आरंभ आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींस तोंडपाठ आहे, आणि उपासनेत त्यावर उपदेशही वारंवार होतो. पत्रकर्ता विश्वासात मरण पावलेल्या साक्षीदारांची मोठी रांग आपल्यापुढे उभी करतो, मग आपणांस शर्यतीच्या मैदानावर आणतो, आणि धीराने शेवटपर्यंत धावावयाचे तर दोन वस्तू अंगावेगळ्या करा असे सांगतो. एक भार, आणि दुसरे पाप. या दोहोंचा त्याने निरनिराळा उल्लेख केला आहे ही गोष्ट लहान दिसते. परंतु आमच्या मते त्या वचनातील अर्धा उपदेश तेथेच आहे. भार म्हणजेच पाप असते, तर दोन शब्द लिहिण्याचे काही कारण नव्हते. मूळ ग्रीक भाषेतील ज्या शब्दास आपण भार म्हणतो, त्याचा अर्थ फुगवटा, वाजवीपेक्षा वाढलेला आकार, असाही होतो. धावणाऱ्याच्या अंगावरचे जाड घोंगडे हे पाप नव्हे. पौषातील रात्री शेतावर जागलीस बसलेल्या माणसाचा तेच घोंगडे जीव वाचविते. मात्र ते अंगावर घेऊन धावता येत नाही.

खेड्यातील उपदेशकास पापाविषयी बोलणे सोपे जाते. मद्यपान, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, मूर्तिपूजा, अशी यादी त्याच्यापाशी तयार असते, आणि ऐकणारेही मान डोलवितात. कारण त्या यादीत बहुधा शेजाऱ्याचे नाव असते. भाराविषयी बोलणे कठीण. प्रत्येकाचा भार निराळा, आणि तो वाहणाऱ्यास तो भार वाटत नाही; तो त्यास आपली अब्रू वाटतो, आपली रीत वाटते, कधी कधी आपली भक्तीही वाटते.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकांस हे समजून घेण्यासाठी दूर जावे लागणार नाही. हा तलावांचा मुलूख आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारांच्या काळचे हजारो तलाव आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाच्या लोकांचा मोठा हात होता हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांत गाळ साचत राहिला. आता हा गाळ म्हणजे काय वस्तू आहे? ती घाण नव्हे. ती उत्तम माती आहे. रानातली आणि शेतातली वरची कसदार माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून तेथे येऊन बसते. २०१७ साली राज्य सरकारने धरणे व तलाव गाळमुक्त करून तोच गाळ शेतांत नेण्याची योजना काढली, ती याच समजुतीने. बांधीत टाकला तर ज्या गाळाने धान जोमाने येते, तोच गाळ तलावात राहिला म्हणजे पाण्याची जागा खातो. पावसाळ्यात वरून पाहणाऱ्यास तलाव काठोकाठ भरलेला दिसतो. धान निसवण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि तूम उघडावे तो तलावात पाणी किती उथळ होते हे कळून येते.

आमच्या मंडळ्यांतही सणासुदीस काठोकाठ भरलेले दिसणारे तलाव पुष्कळ आहेत. नाताळात गायन उत्तम, वर्गणी भरपूर, मंडपात जागा पुरत नाही. परंतु घरात दुखणे आले, पीक बुडाले, मुलीचे लग्न मोडले, की विश्वासाची खोली कळते. तेव्हा पाळक चकित होतो की या बांधवाने तर कोणतेही उघड पाप केले नव्हते. बरोबर आहे, केले नव्हते. गाळ साचला होता.

हा गाळ कशाचा असतो? पूर्वीच्या जातीच्या अभिमानाचा असतो. प्रभूच्या मेजावर एका प्याल्यातून घेणारी दोन कुटुंबे सोयरिकीची गोष्ट निघताच एकमेकांचे आजे कोण होते याची चौकशी करू लागतात. कोणी उघड बोलत नाही, पण चौकशी होते. हा गाळ भयाचाही असतो. बाप्तिस्मा होऊन वीस वर्षे झाली तरी आढ्यात खोचलेला ताईत कोणी काढीत नाही. विचारले तर, "आमची त्यावर श्रद्धा नाही, पण आईने बांधला होता," असे उत्तर येते. तसाच तो जुन्या तंट्याचा असतो. धुऱ्यावरून दोन सख्ख्या भावांत पंधरा वर्षांपूर्वी वाद झाला, धुरा जेथल्या तेथे आहे, आणि दोघे भाऊ उपासनेत निरनिराळ्या बाजूंस बसतात. लग्नातील थाटापायी घेतलेले कर्ज हाही गाळच. पूर्वी ते सावकाराच्या वहीत असे. आता गटाच्या हप्त्यांत असते, आणि तरुणांचे तर मोबाईलवरच. कर्ज घेणे म्हणजे काही दहा आज्ञांपैकी एखादी मोडणे नव्हे. पण आठवड्याच्या हप्त्याची चिंता ज्याच्या छातीवर बसली आहे, तो प्रार्थनेस डोळे मिटतो तेव्हा त्यास आकडेच दिसतात.

मोहाच्या झाडाचीच गोष्ट घ्या. आमच्या भाषेने त्या झाडाचे नाव आणि मनाच्या विकाराचे नाव एकच ठेविले आहे, आणि त्यावरून पुष्कळ उपदेशकांनी विनोद केले आहेत. परंतु झाडाचा त्यात अपराध नाही. चैत्रात ज्यांच्या घरी धान्य संपत आलेले असते त्यांस मोहफूल वेचून चार पैसे मिळतात, आणि ते फूल वाळवून खातातही. जो बांधव दारू सोडण्यासाठी झगडत आहे त्याने मात्र मोह वेचावयास जावे की नाही, हा त्याचा व प्रभूचा प्रश्न आहे. शेजाऱ्यास जे अन्न, ते त्यास भार असू शकते. यास्तव भारांची यादी छापून मंडळीच्या दारावर लाविता येत नाही, आणि कोणी लाविली तर ती आमच्या मते परूशी लोकांच्या कामासारखीच होईल.

पापाविषयी येथे थोडेच लिहितो. पाप टाकावयाचे ते प्रार्थनेने टाकावे हे खरे, परंतु केवळ प्रार्थनेने नव्हे. जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने आपल्या पापांबद्दल नुसते अश्रू ढाळले असे लूक लिहीत नाही. ज्यास फसविले त्यास चौपट परत करण्याचे वचन त्याने उभ्याउभ्या दिले. ज्याने शेजाऱ्याच्या बांधातून हातभर जमीन ओढून घेतली आहे त्याने क्षमा मागण्याच्या अगोदर फावडे घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिजकडे येतो. ओझे टाका हा उपदेश ऐकून माणसे जे टाकतात ते कित्येकदा भलतेच असते. स्वतःचा अभिमान टाकणे जड जाते, म्हणून म्हातारी आई टाकली जाते. "आम्ही प्रभूच्या सेवेस वाहून घेतले आहे, आम्हांस संसाराचे पाश नकोत," असे म्हणून कोणी गावोगाव सभांस हिंडतो, आणि घरी त्याची बायको एकटी रोवणीस जाते, दुसऱ्याच्या चिखलात दिवसभर वाकून परे लाविते, आणि संध्याकाळी मुलांच्या तोंडात घास घालते. त्या बांधवाचा चेहरा हलका आणि प्रसन्न दिसतो. त्याची साक्ष ऐकून लोक रडतात. परंतु त्याने टाकलेले ओझे जमिनीवर पडलेले नाही. ते दुसऱ्या एका डोक्यावर गेले आहे.

आपल्या प्रभूने या प्रकारास नाव देऊन त्याचा निषेध केला आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात कुर्बान या शब्दाची गोष्ट आहे. आईबापांस जे द्यावयाचे ते देवास वाहिले आहे असे म्हटले, की त्यांच्या पोषणातून मोकळे होता येते, अशी युक्ती त्या काळच्या धार्मिक लोकांनी काढिली होती. युक्ती मोठी धूर्त होती, कारण तीत देवाचेच नाव होते. प्रभूने तिला देवाची आज्ञा रद्द करणे असे म्हटले. कोणी पाप केले म्हणून तो तेथे रागावला नाही. कर्तव्यास भार समजून, आणि तेही भक्तीच्या नावाने, लोक खाली ठेवीत होते, म्हणून रागावला.

म्हणून, आमच्यापाशी जे काही आहे ते टाकावे की वाहावे, असा प्रश्न ज्यास पडेल त्याने स्वतःस एवढेच विचारावे: हे मी खाली ठेविले तर कोठे पडेल? अभिमान खाली ठेविला तर कोणाच्या डोक्यावर पडतो? कोणाच्याच नाही. आढ्यातला ताईत काढून टाकिला तर शेजारी वाकत नाही. जुना तंटा सोडला तर उलट दुसऱ्याचेही ओझे उतरते. परंतु आजारी बापाची सेवा, घेतलेले उसने, लहान भावंडांचे शिक्षण, ही टाकली तर ती उचलावयास दुसरे कोणी तरी वाकतेच, आणि ते बहुधा घरातील सर्वांत दुर्बळ माणूस असते. प्रेषित पौल गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहा असे एका ठिकाणी सांगतो, आणि दोनच ओळी पुढे प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे असेही सांगतो. या दोन वाक्यांत विसंगती आहे असे समजून कित्येक उपदेशक त्यांतील एकच निवडतात. तेथे मूळ भाषेत दोन निराळे शब्द आहेत हे त्यांनी ध्यानात घ्यावे. एक माणसास चिरडून टाकणारे वजन, आणि दुसरे वाटसरूच्या पाठीवरचे त्याचे स्वतःचे गाठोडे. गाठोडे ज्याचे त्यानेच न्यावयाचे आहे.

या प्रश्नाचे एक थोर उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या भूमीवरून एकदा रेल्वेने गेले आहे, हे आमच्या तरुण वाचकांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८२ साली तयार झाला. त्यावर तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्टेशने लागतात आणि दरेकशाच्या डोंगरातून गाडी छत्तीसगडात उतरते. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हा हा सर्व भाग भंडारा जिल्ह्यात होता. १८९३ साली या मार्गावरील एका डब्यात नारायण वामन टिळक बसले होते. ते कवी, विद्वान, चित्पावन ब्राह्मण. नोकरीच्या आशेने राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. दोघांचे बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि हे पुस्तक मनःपूर्वक वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले.  टिळकांनी वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताप्रमाणे दोन वर्षांच्या आतबाहेर.

त्या दोन वर्षांत टिळकांनी काय काय टाकिले याचा हिशेब पुष्कळांनी लिहिला आहे. जात गेली, मित्र गेले, नातलगांतील मान गेला. हे सर्व खरोखर भार होते, आणि ते टाकण्यास मोठे धैर्य लागले यात शंका नाही. परंतु दुसऱ्या एका घरात त्याच दिवसांत काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा लहान मुलास घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. बाप्तिस्म्याची बातमी त्यांस मागाहून कळली. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ त्या पतीपासून दूर राहिल्या, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत त्यांनी जे भोगले ते 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. त्या पुस्तकात रडगाणे नाही, उलट हसू आहे. म्हणून तर ते वाचवत नाही. टिळकांनी सत्यासाठी जे टाकिले त्यातील काही भाग लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर पडला. आम्ही टिळकांस दोष देत नाही. मनाने सत्य ओळखल्यावर बायकोची संमती मिळेपर्यंत ते झाकून ठेवावे असे आम्ही कोणास सांगणार नाही. तसे सांगणेही प्रभूच्या शब्दाविरुद्ध होईल. पण टिळकांच्या बाप्तिस्म्यावर उपदेश करणाऱ्याने लक्ष्मीबाईंची ती वर्षे वगळू नयेत, इतके आम्ही अवश्य म्हणतो. टिळकांनी स्वतः ती वगळली नाहीत. त्यांनी दुसरा संसार थाटला नाही, पत्नीस टाकलेले ओझे मानले नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

आणि लक्ष्मीबाई आल्या त्या कशा आल्या! आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या. त्यांच्या माहेरचे सोवळे इतके कडक होते की वडील बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घेत. ख्रिस्ती झालेल्या पतीच्या आश्रयास येऊनही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांपाशी अधिकार होता, युक्तिवाद होता, आणि शीघ्रकोपी स्वभावही होता. तरी बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. देवाने माणसे निर्माण केली. मग जाती कोणी निर्माण केल्या? जन्म सारखा, मरण सारखे, भूक सारखी. त्या विचाराअंती सोवळे त्यांच्या हातून गळून पडले, आणि १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या स्त्रीस पाण्याच्या एका भांड्याचा विटाळ होत असे, तिने त्यानंतर कोणाकोणाच्या लेकरांस पोटाशी धरिले ते 'स्मृतिचित्रे'तच वाचावे.

आमच्या उपदेशकबंधूंनी या ठिकाणी थोडे थांबावे. दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे हिसकावून घेण्याची आपणांस फार घाई असते. नवीन कुटुंब मंडळीत आले, की पहिल्याच महिन्यात त्यांच्या घरातील काय काय बाहेर गेले पाहिजे याची मोजदाद सुरू होते. जंगलातून मोळी घेऊन येणारी बाई पाहा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी, मान ताठ. ती वाटेत थकली तर तिच्या डोक्यावरून मोळी ओढून काढणारा मनुष्य तिची मान मोडील. आणि एकटीने ती मोळी उतरविणेही सोपे नसते. कोणी तरी समोर येऊन उभे राहावे लागते; ती थोडी वाकते, तो हात लावितो, आणि दोघांच्या हातांनी मोळी खाली येते. केव्हा वाकावयाचे ते तिने ठरवावयाचे असते. मंडळीचे काम हे दुसऱ्या हाताचे आहे.

पौलाने हे काम कसे केले ते फिलेमोनाच्या पत्रात आहे. ते पत्र इतके लहान आहे की पुष्कळ वाचक ते उलटून पुढे जातात. अनेसिम हा पळून आलेला दास. त्याच्यावर धन्याचे काही देणे असावे. पौल त्यास, तुझ्या सर्व पापांची क्षमा झाली, आता मागचे विसर, असे सांगून मोकळा करीत नाही. तो त्यास धन्याकडे परत पाठवितो, आणि त्याचे जे काही देणे असेल ते आपल्या नावे मांडावे, आपण ते फेडू, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. तुरुंगातील मनुष्य दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहतो! आमच्या मंडळ्यांत लग्नाच्या कर्जाने बुडालेल्या बांधवासाठी आठ दिवस प्रार्थना होते, हे चांगले आहे. त्या कर्जाचा एक हप्ता चार घरांनी मिळून भरल्याचे उदाहरण क्वचित ऐकू येते. आणि पुढचे लग्न साधेपणाने करू असा ठराव चार घरांनी मिळून केल्याचे उदाहरण तर त्याहूनही क्वचित. कारण त्यात प्रत्येकास स्वतःचा गाळ उपसावा लागतो.

एकदा टाकिले म्हणजे झाले, असेही कोणी समजू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. संस्कृतात पारंगत, शास्त्रार्थात पंडितांस नमविणारी ही स्त्री पुढे आपल्या साक्षीत लिहिते की, तेव्हा तिला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळावयास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. तोपर्यंत आपल्या पापांचा भार आपल्याच मनावर होता असे तिचे म्हणणे. मध्यंतरी १८८९ साली तिने शारदा सदन काढले होते. विधवांच्या सेवेत ती रात्रंदिवस खपत होती. म्हणजे सत्कृत्यांनी हात भरलेले असतानाही पाठीवरचे ओझे तसेच राहू शकते. जॉन बन्यनचे यात्रेकरूचे पुस्तक, ज्याचे मराठी भाषांतर हरी केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिक क्रमण' या नावाने केले, तेही या बाबतीत पाहण्यासारखे आहे. यात्रेकरूच्या पाठीवरचे ओझे वधस्तंभापाशी आपोआप सुटते आणि गडगडत कबरेत जाऊन पडते, हा प्रसंग सर्वांस आवडतो. परंतु तो प्रसंग पुस्तकाच्या शेवटी नाही. आरंभीच्या भागात आहे. डोंगर, दरी, बाजार, तुरुंग आणि नदी ही सर्व पुढे आहेत. हलके झालेल्या माणसास चालावयाचे असतेच, आणि वाटेत तो नवीन काही उचलून घेण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात उपसलेल्या तलावात पहिल्याच पावसाबरोबर पुन्हा गाळ येऊ लागतो. त्याचा कोणी खेद करीत नाही, पण दर काही वर्षांनी फावडी घेऊन उतरावे लागते, आणि ते काम एकट्या घराने होत नाही.

शोमरोनी स्त्री विहिरीवर आपली घागर ठेवून गावात धावत गेली असे योहान लिहितो. त्या घागरीवर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे; तिने जुने जीवन तेथेच सोडले असा अर्थ कित्येक करितात. आम्हांस वाटते ती संध्याकाळी घागर घेऊन गेली असावी. घरी पाणी लागतेच. बार्तीमयाने मात्र आपले वस्त्र टाकिले, आणि तो प्रभूमागे वाटेने गेला. ते वस्त्र आंधळ्या भिकाऱ्याचे होते, आणि त्यास आता दिसत होते.

टिळकांविषयी एक गोष्ट राहिली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहावयाचे ठरविले, आणि साताऱ्यास देवाचा दरबार या नावाने शिष्यांचा मेळा जमविला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे लोक असावेत अशी त्यांची कल्पना होती. मोठे पाऊल होते. त्या पावलाने या देशातील ख्रिस्ती लोकांस आपल्या पायांवर उभे राहण्याची जी आशा दाखविली तिचे मोल आम्ही जाणतो. तरी घर चालविणाऱ्या स्त्रीच्या बाजूने पाहिले असता बंद झालेल्या पगाराचा प्रश्न लहान नव्हता, आणि कोणीही तो लहान असल्यासारखा बोलू नये. संन्याशाचे ओझे उतरते; चुलीचे उतरत नाही. आमचे मत विचाराल तर टिळकांचे हे दुसरे टाकणे पहिल्या टाकण्याइतके निःसंशय नव्हते, आणि त्यांच्या थोरवीस त्यामुळे उणेपण येते असेही आम्ही मानीत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले होते, ते अपुरे राहिले. ज्या लक्ष्मीबाईंस वाचणे-लिहिणे लग्नानंतर पतीनेच शिकविले होते, त्यांनी ते हाती घेतले, आणि जेथे पतीची लेखणी थांबली होती तेथून पुढे अध्यायामागून अध्याय लिहीत नेले.